सिमीट लावलेली भिंत

आमच्या खैरबोडीत तळ्याकाठी एकोणीस घरं आहेत, सगळी पक्क्या विटांची. ती माझ्या नवऱ्याच्या हातानं मातीची होणार होती. नाही झाली, अन् त्याले कारण मी. पाच वर्षं हे मी कोणाले सांगितलं नाही. आता सांगून राहिली तर नीट ऐका, मधात विचारू नका, मले राग येते.

नवऱ्याचं नाव आसाराम. घेतलं एकदा, आता घेत नाही, पोरीच्या नावानं तुळसाचे बाबा म्हणते. आम्ही ढिवर. पावसाळा-हिवाळा तळ्यात जाळं टाकायचं अन् उन्हाळ्यात तुळसाचे बाबा लोकायच्या भिंती घालायचे. तळ्याचा गाळ आणायचा, त्यात तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, बारीक कापून टाकायचं, पायानं तुडवायचं, दोन दिवस मुरू द्यायचं. मंग हातभर उंच थर घालायचा. त्याले रद्दा म्हणतात. एक रद्दा घातला का आठ दिवस थांबायचं, तो पुरता सुकल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. घरवाले घाई करत. पाहुणे येऊन राहिले, लग्न तोंडावर आलं, म्हणत. हे जाळं उचलून तळ्यावर निघून जात. लाखांदूरपासून सानगडीपर्यंत त्यायच्या हातची भिंत पडली असं कोणी ऐकलं नव्हतं.

अन् स्वतःची झोपडी बांबूच्या कुडाची! हसा तुम्ही. दुसऱ्यायच्या कामातून सवड भेटन तेव्हा ना.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात तळ्याची पाळ फुटली अन् काठावरच्या आमच्या वीसही झोपड्या वाहून गेल्या. माणसं वाचली, हे देवाचं देणं. सरकारनं वीस घरं मंजूर केली. नागपूरकडचा एक तरणा इंजिनेर आला. आम्ही समजलो, आता विटाची घरं भेटतात. मी तर मनातल्या मनात खिडकीले रंगही देऊन टाकला होता.

त्यो पोरगा पाळीवर आमच्यात येऊन बसला अन् भलतंच बोलू लागला. म्हणे, वीस घरायच्या विटा भाजायच्या तर भट्टीले लाकूड लागते, मागची पहाडी बोडकी होईल. माती तुमच्या तळ्यात आहे. गाळ काढाल तर तळं खोल होईल, उन्हाळ्यात पाणी टिकन, मासोळी टिकन. तणस शेतात पडून आहे. छपराचे कवेलू गावचा कुंभार देईल. सिमीट फक्त पायाच्या दगडात, भिंतीले शिवायची नाही. अन् हे सगळं करणारा माणूस तुमच्यातच बसला आहे, असं म्हणून त्यानं तुळसाच्या बाबाकडं बोट दाखवलं. लाखांदूरले त्यायनं घातलेली वीस वर्षांची भिंत तो पाहून आला होता.

त्याच्या वरचे साहेब मानत नव्हते. शेवटी असं ठरलं, का आधी एकच घर बांधायचं. एक पावसाळा त्यानं काढला तर बाकीची एकोणीस तशीच, अन् पडलं तर विटाची. ते पहिलं घर आमचं. त्या दिवशी हे घरी आले तर जेवता जेवता थांबत अन् उगाच हसत. लग्नाले वीस वर्षं झाली होती, मी त्यायले असं हसताना पाहिलं नव्हतं.

मले मात्र रडू आलं होतं. तालुक्याच्या लोकायले विटा अन् मले चिखल, असं वाटलं. खोटं कायले बोलू?

घर माघात उभं झालं. चांगलं होतं हो. हातभर जाड भिंती, दगडाचा पाया, वर कवेलू, समोर ओसरीसारखी लांब सपरी. आत पाय ठेवला का थंड वाटे. पण कोणी पाहुणा आला का मले लाज वाटायची. तालुक्याच्या गावी लोक सिमिटीची घरं बांधून राहिले अन् आपण मातीतच, हे मनातून जाईना.

त्यातच तुळसाले पाहायले सानगडीचे लोक येणार असा निरोप आला. मुलाचा बाप मंगरू. त्यायच्याकडं तळ्याचा ठेका, घरी दोन जाळी, मुलगा सातवी शिकलेला. असं स्थळ आमच्या पोरीले कुठून येते? अन् हे तेव्हा पाच दिवसांसाठी लाखांदूरले गेले होते, कोणाच्या तरी गोठ्याचा एक रद्दा घालायले.

पायाच्या कामातली दीड बोरी सिमीट घरात उरलेली होती. माझा भाऊ तुलाराम भंडाऱ्याले मिस्त्रीच्या हाताखाली काम करत होता, नेमका गावी आला होता. मी त्याले म्हटलं, समोरच्या भिंतीले बाहेरून सिमिटीची छपाई, म्हणजे गिलावा, करून दे. तो म्हणाला, अक्का, भाऊजीले विचारलं का? मी त्याच्यावर खेकसली. पोरगी माझी, घर माझं, विचारायचं कोणाले? दोन दिवसात भिंत गुळगुळीत, करडी, एकदम शहरातल्यासारखी झाली. शेजारी समजले, ह्यायनंच सांगून ठेवलं असन. मी तिच्याकडं पाहत सपरीत बसून राहिली. असा आनंद मले कधी झाला नव्हता, हे आताही सांगते.

पाहुणे आले, पोरगी पसंत केली, सुपारी फुटली. हे सुपारीच्या दिवशीच एसटीनं परत आले. दारात उभे राहून भिंतीकडं पाहत राहिले. पाहुणे गेल्यावर कुदळ घेऊन आले. मी आडवी झाली. ते म्हणाले, "भागीरथा, मातीत पाणी जाणारच. मातीवरून ते सुकून जाते. सिमिटीच्या आड गेलं तर निघन कुठून?" मी म्हटलं, लग्न होऊ द्या. खरवडलेली भिंत पाहून व्याही काय म्हणतील? पोरीच्या नशिबाशी खेळू नका. पाया पडली मी त्यायच्या. त्यायनं कुदळ ठेवून दिली.

लग्न जेठात झालं. त्यानंतर सिमीट काढून नवीन मातीचा हात द्यायचा, तो सुकवायचा, एवढे कोरडे दिवसच उरले नाही. हे रोज सकाळी भिंतीपुढं उभे राहायचे. मी म्हणायची, काही होत नाही, उगाच जिवाले लावून घेता.

पोळ्याच्या चार दिवस आधी, दुपारची वेळ, मी चुलीपाशी होती. समोरची भिंत आधी पोट आल्यासारखी फुगली. मंग सिमिटीचा पापुद्रा तडकला अन् आतून नुसता चिखल बाहेर आला. अर्धी भिंत सपरीत पडली, कवेलू खाली आले. बाकीच्या तीन भिंती, ज्यायले सिमीट नव्हती, त्या जशाच्या तशा उभ्या होत्या. कोणाले लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, मले लागलं असतं तर.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. इंजिनेर आला, त्याचा मोठा साहेब आला, लिहिणारा बाबू आला. सारं गाव जमलं. अन् आमचे इवाई, म्हणजे व्याही, मंगरू, भिंत पडल्याचं ऐकून, सानगडीहून आले होते. तेही गर्दीत उभे होते. इंजिनेरनं खाली बसून सिमिटीचा तुकडा उचलला. त्यानं विचारलं, ही कोणी लावली?

मी बोलायले पाहिजे होतं. तोंड उघडलंही असेल. पण समोर व्याही होते. पोरीले सासरी जाऊन तीन महिने नव्हते झाले. तिच्या मायनं चिखल झाकून घर दाखवलं, फसवलं, हे तिच्या सासऱ्याच्या कानावर गेलं तर तिचं काय होईल, हेच एक डोक्यात होतं. मी पदर तोंडाशी धरला.

हे पुढं झाले. "मी लावली," म्हणाले. "भिंत माझी, चुकी माझी."

मोठा साहेब हसला. म्हणाला, पाहा, ज्याले स्वतःच्या मातीचा भरवसा नाही, तो बाकीच्यायची घरं बांधणार होता. इंजिनेरनं सिमिटीचा तुकडा खाली ठेवला. मातीचं घर टिकत नाही, असं बाबूनं लिहिलं अन् ह्यायचा अंगठा घेतला. त्या तीन उभ्या भिंतीबद्दल कागदात काही आलं नाही. तो पोरगा आमच्या गावाले पुन्हा आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहाडीच्या पायथ्याशी विटाभट्टी लागली. पहाडीवरचा येन गेला, धावडा गेला, मोहाची झाडं गेली. रोज लाकडाच्या गाड्या आमच्या दारावरून जात. लोक खुशीत होते, त्यायचा काय दोष? पण तुळसाच्या बाबाले त्यानंतर भिंत घालायले कोणी बोलावलं नाही. सिमीट लावणारा, असंच म्हणत. तळ्यात मासोळी कमी झाली तसे हे भट्टीवर मजुरीले गेले. पाच वर्षं जात राहिले. मले कधी टोमणा मारला नाही, कधी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. मारला असता तर मी भांडली असती, मोकळी झाली असती.

यंदा तुळसाच्या दुसऱ्या मुलाच्या बारशाले आम्ही सानगडीले गेलो. पंगत बसली होती. व्याही ह्यायच्या शेजारी बसले. बोलता बोलता म्हणाले, का धाकट्या पोरासाठी घर बांधायले काढून राहिलो. अन् मंग, इतक्या वर्षांचं मनात ठेवलेलं, ते म्हणाले, "इवाई, एक विचारू? मी पोरगी पाहायले आलो तेव्हा तुमच्या भिंतीवर टिचकी मारली होती. आत माती आहे हे मले तेव्हाच समजलं. तुमच्या हातचं घर आहे, तुमच्या घरची पोरगी करायची, असं मी तिथंच ठरवलं. पण तुम्हीच सिमीट फासली, हे मले अजून पटत नाही."

माझ्या हातात भाताची परात होती, मी वाढून राहिली होती. ज्या माणसाच्या भीतीनं मी गप्प राहिली, तो मातीसाठीच आला होता!

मी परात खाली ठेवली अन् सगळ्यायच्या समोर म्हटलं, "ह्यायनं नाही लावली. मी लावली. हे तेव्हा लाखांदूरले होते."

पंगत थांबली. तुळसा सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. व्याही ह्यायच्याकडं वळले. म्हणाले, मंग माझ्या पोराचं घर तुम्हीच बांधा. विटा नाही आणत मी. उद्यापासून माती काढायले लावतो. माझे डोळे वाहत होते, पण मी मनात म्हटलं, देवा, झालं, वाचली मी.

ह्यायनं दोन्ही हात पत्रावळीवर उताणे धरले. बोटायची टोकं काळी, घट्टे पडलेली, चामडं मेलेलं.

"आता नाही होत, इवाई," ते हळूच म्हणाले. "रद्दा सुकला का नाही, हे हात लावूनच समजते. पाच वर्षं गरम विटा उचलल्या. आता ओलं अन् कोरडं सारखंच लागते."

मंग भात कालवून जेवू लागले.