वाट्यांतून झिरपलेली हाक

मी कानांवरचा मफ बोलतोय. दचकू नका, हळूच बोलतो. ज्याचा जन्मच आवाज अडवायला झाला, त्यानं आरडाओरडा कशाला करावा?

दोन काळ्या वाट्या, आत मऊ स्पंज आणि त्यांना जोडणारा पोलादी पट्टा, एवढाच माझा देह. नेमबाजी करताना गोळीचा दणका कानात शिरू नये म्हणून मला डोक्यावर चढवतात. पण आमच्या चौसाळा गावात हे कुणाला ठाऊक? माझे मालक आबासाहेब, त्यांची बायको भिमाबाई मला सरळ 'वाट्या' म्हणते. "उचला तुमच्या वाट्या पाटावरनं, मला कणीक मळायची हाय!" आणि रस्त्यावरची पोरं आबांना विचारतात, "काय आबा, गाणं ऐकायलात का?"

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिला उजेड दिसला तो शहरातल्या एका दुकानात. आबासाहेब तेव्हा पलटणीतून नुकतेच हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला कानांवर चढवलं आणि दुकानदाराला म्हणाले, "बोला कायतरी." दुकानदार बोलला. आबा खूश झाले. "एक शब्द ऐकू येत न्हाई. लई भारी हाय!"

मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू! दुकानदाराचं बोलणं मला चढवण्याआधीही त्यांना धड ऐकू आलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. पलटणीतल्या गोळीबारानं त्यांचे कान आधीच खाल्ले होते. उरलं होतं ते थोडंसं. त्यात दिवसरात्र एक रातकिडा किरकिरत असायचा.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. समोरचा काहीही बोलला तरी मान हलवायची आणि "हां, हां, बराबर" म्हणायचं, ही त्यांची युक्ती. भिमाबाई तेवढी ओळखून होती. "मीठ संपलंय म्हटलं तरी बराबर, अन् घर पेटलंय म्हटलं तरी बराबर!"

आबांना एकच नाद होता, पळत्या नेमबाजीचा. एका जागी उभं राहून गोल चकतीवर नेम धरायचा तो खेळ वेगळा. यात पळायचं, आडोशामागून वाकून बघायचं, पुठ्ठ्याचे फलक टिपायचे, लोखंडी पट्ट्या पाडायच्या, आणि सगळं घड्याळाशी शर्यत लावून. हायवेच्या पलीकडं एक सोडून दिलेली मुरमाची खदान आहे. तिथं त्यांनी गंजके पिंप उभे केले, जुन्या दारांचे आडोसे रचले, तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून बिजागरीवर बसवले. छर्‍याचं पिस्तूल होतं. शिकवणारा तयार होता. शिकणारंच कुणी नव्हतं.

पोरं यायची ती पिस्तूल हातात धरून फोटो काढायला. आबा खेकसायचे, "फोटो काढायचाय व्हय? मग वरातीत जा बे! हितं घाम गाळायला यायचं."

अशात एक दिवस प्रियदर्शनी आली.

हार्डवेअरवाल्या सुंदररावांची ही मुलगी. कॉलेज शिकलेली, बोलायला गोड, पण भलतीच दचकणारी. कुकरची शिट्टी झाली की हातातलं ताट पडायचं. बुलेटवाल्यानं सायलेन्सरचा फटाका वाजवला की ही रस्त्यातच कान धरून खाली बसायची. त्याला कारण होतं. ती लहान असताना एका वरातीत कुणा हौशी पाहुण्यानं तिच्या डोक्याशीच उभं राहून हवेत गोळी झाडली होती. सगळे नाचत राहिले. कान दाबून रडणारी पोर कुणालाच दिसली नाही.

"मग हितं कशाला आलीस?" आबांनी विचारलं. विचारताना त्यांची नजर तिच्या ओठांवर होती.

तिनं फोन पुढं केला. त्यात एक बाई पळत होती, वळत होती, धडाधड पट्ट्या पाडत होती. तिची पापणीसुद्धा हलत नव्हती.

"हिला बघितलं अन् वाटलं," प्रियदर्शनी म्हणाली, "आवाज दुसऱ्याच्या हातात असतो म्हणून मी भिते. तो माझ्या हातात आला तर?"

आबांना यातलं किती ऐकू आलं, कोण जाणे. पण त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावरून काढलं आणि तिच्या कानांवर बसवलं.

"अन् तुमच्या कानांला?"

"माझे कान पेन्शनीत निघालेत पोरी. तुझे नवे हायत."

त्या दिवसापासून मी तिचा झालो. तिच्या कानशिलातली नाडी माझ्या स्पंजाला कळायची. पहिल्या दिवशी ती अशी धडधडत होती, जणू ओंजळीत चिमणी धरलीय. छर्‍याचा आवाज तो केवढा! तरी ती चाप ओढण्याआधीच डोळे मिटायची.

"डोळे मिटून काय देव आठवायलीस का?" आबा ओरडायचे. "बघ त्या पट्टीकडं. तिनं तुझं काय वाकडं केलंय?"

डोळे उघडे राहायला पावसाळा उलटला. पण एक खोड जाईना. सुंदररावांच्या घरचं वळणच तसं: मोठ्या माणसानं हाक मारली की हातातलं काम सोडून गर्रकन वळायचं, त्याच्या तोंडाकडं बघून 'जी' म्हणायचं. पाठमोरी 'ओ' दिली की वडील म्हणायचे, "भिंतीशी बोलायलीस का माझ्याशी?"

आणि या खेळातलं सगळ्यात मोठं पाप हेच. नळी कायम समोर. हातात पिस्तूल घेऊन मागं वळलात की खेळ खलास.

आबा मुद्दाम मागं उभं राहून हाक द्यायचे, "दर्शे!" ती पिस्तुलासकट वळायची. मग पिस्तूल खाली ठेवून खदानीला फेऱ्या. "मागनं बाप हाक मारू दे, न्हाईतर मुख्यमंत्री. वळायचं न्हाई. बोलवणाऱ्याला गरज आसंल तर तो थांबंल."

हळूहळू तिचे पाय जागेवर राहू लागले. हाक आली की नाडी उसळायची, पण मान हलायची नाही. त्या हिवाळ्यात ती कुकरच्या शिट्टीला दचकेनाशी झाली. भिमाबाईनं तिच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "आता तुझ्या गुरुजीला माझं ऐकायला शिकव."

खऱ्या पिस्तुलाच्या सरावासाठी आबा तिला एसटीनं पुण्याकडच्या एका रेंजवर घेऊन गेले. तिथं मला पहिल्यांदा खरा दणका बसला. मी तो पोटात घेतला, तिच्यापर्यंत जाऊ दिला नाही. आबा तिच्या मागंच उभे होते, कानांत कापसाचे बोळे कोंबून. रेंजवाल्यांनी त्यांना कान झाकायला दुसरं काहीतरी देऊ केलं. आबा म्हणाले, "हां, हां, बराबर," आणि तसेच उभे राहिले. प्रत्येक दणक्याला ते गालातल्या गालात हसायचे. मला तिच्या डोक्यावरून दिसत होतं ते. कानांत उरलंसुरलं होतं, ते तिथं उधळत होते.

मग त्याच रेंजवर नवशिक्यांच्या परीक्षेची तारीख लागली. हत्यार नीट हाताळून दाखवायचं, शेवटी एक छोटी फेरी खेळायची. पास झालं की कार्ड मिळतं आणि स्पर्धांची दारं उघडतात. सुंदररावांनी आधी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "एकदा. फकस्त एकदा जायचं. जमलं तर मी आडवा येणार न्हाई. न्हाई जमलं तर हा नाद बंद. गुमान बी.एड. करायचं."

आदल्या दिवशी तिनं माझे स्पंज ओल्या फडक्यानं पुसले. "उद्या साथ दे रे," असं मलाच म्हणाली.

आणि मी साथ दिली हो! पूर्ण दिली.

शिट्टी झाली. ती पळाली. पहिला फलक, दुसरा फलक, मग आडोसा, मग पट्ट्या. तिची नाडी इतकी शांत मी कधी अनुभवली नव्हती. शेवटची वाटलेली पट्टी पाडून ती थांबली. पण पिंपामागं एक पट्टी उभीच राहिली होती. तिच्या लक्षात येत होतं, मान तिकडं वळतच होती. आणखी एक क्षण मिळाला असता, तर तिला ती दिसली असती.

तेवढ्यात मागून हाक आली.

"दर्शे! पट्टी ऱ्हायली!"

परेडच्या मैदानावर घासलेला तो आवाज. मी आडवा झालो, स्पंज घट्ट दाबले. तरी तो झिरपला. बंदुकीचा दणका अडवता येतो, पण ज्याला आपण 'जी' म्हणतो त्याची हाक कशी अडवावी? तिचं अंग तिला न विचारता वळलं. हातात पिस्तूल. ओठांवर "जी".

रेंजच्या अधिकाऱ्यानं तिचा हात धरून नळी समोर फिरवली, पिस्तूल रिकामं करायला लावलं. "सॉरी बेटा. बाद. या वर्षी आता नाही." मग तो आबांकडं वळला. "आजोबा, अहो, ओरडायचं नसतं!"

आबांनी मान हलवली. "हां, हां. बराबर."

परतीच्या एसटीत मी तिच्या मांडीवर होतो. आबा खिडकीकडं तोंड करून बसलेले. एकदम ते भडकून म्हणाले, "कोण गं त्यो गाढव? मागनं हाक कुणी मारली तुला? तू वळलीस तवाच मला कळलं, कुणीतरी बोंबललंय. मी आपला मनातल्या मनात पुटपुटत होतो, पट्टी ऱ्हायली, पट्टी ऱ्हायली म्हणून."

तिचे हात माझ्यावर आवळले गेले. माझा पट्टा करकरला.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. स्वतःचा आवाजच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

ती त्यांच्यासमोर वाकली, ओठ दिसतील अशी, आणि सावकाश म्हणाली, "होतं कुणीतरी. गर्दीतलं."

"मला दाव त्याला. तंगडंच मोडतो."

"जाऊ द्या, आबा."

सुंदररावांनी शब्द पाळला, तिनंही पाळला. तो हवेत गोळ्या उडवणारा पाहुणा अजून वरातींत नाचतो म्हणे; बाद झाली ती मात्र ही पोर.

बीडला बी.एड.ला जाण्याआधी ती मला परत द्यायला खदानीत आली. आबा पाठमोरे बसून पत्र्याच्या पट्ट्यांचा गंज घासत होते.

"आबा!"

घासणं चालूच.

"आबा, मी दर्शनी!" तिनं पुन्हा हाक मारली, अगदी ओरडून. तिचा आवाज खदानीच्या भिंतींवर आपटून माघारी आला. आबांची पाठ हलली नाही.

ती वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आबा चमकले. तिचं लाल झालेलं तोंड, गळ्याच्या ताणलेल्या शिरा त्यांना दिसल्या. ती कधीची हाका मारत असणार, हे त्यांनी ओळखलं. क्षणभर त्यांचा चेहरा उघडा पडला. मग त्यांनी मिशी सावरली.

"बघितलंस? मागनं हाक मारली तर वळायचं नसतं. वळलो का मी?"

ती हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. "न्हाई वळलात," ती म्हणाली. मग तिनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांच्या कानांवर बसवलं. "तुमच्याच हायत. तुमच्याकडंच राहू द्या."

आता मी आबांच्या डोक्यावर असतो. माझा स्पंज फाटलाय, एक वाटी सैल झालीय. ते ओट्यावर बसतात. येणारेजाणारे रामराम करतात, आबा ओ देत नाहीत. मग भिमाबाई आतून म्हणते, "वाट्या लावल्यात त्यांनी, ऐकू येत न्हाई," आणि लोक पुढं जातात. तिनं हे पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा पदर डोळ्यांना लावला होता. आता सवयीनं म्हणते.

आवाज अडवण्यासाठी माझा जन्म झाला. आता माझ्या आत अडवायला काही उरलेलं नाही. मी फक्त एका म्हाताऱ्याची लाज झाकून बसलोय. हेही काम मी मनापासून करतो.

सुट्टीच्या दिवशी प्रियदर्शनी येते. समोर बसते, ओठ सावकाश हलवून बोलते. आबा अजूनही त्या गर्दीतल्या गाढवाला शिव्या घालतात. ती मान हलवते. "हां, हां. बराबर."

तुम्ही कधी चौसाळ्यावरून गेलात, ओट्यावर काळ्या वाट्या घातलेला म्हातारा दिसला, तर गाणं ऐकतोय का म्हणून विचारू नका. मागून हाकही मारू नका. दोन पावलं चालून जरा समोर या.