उलट्या बसची पिशवी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी जुनी आहे, पण मोडकी नाही. मी एक शिलाई मशीन आहे. अंग लोखंडाचं, रंग हिरवा, आणि वजन असं की मला उचलणारा आधी "अरे बाप रे!" म्हणतो आणि मगच उचलतो. हल्ली म्हणे प्लॅस्टिकच्या हलक्याफुलक्या मशिनी मिळतात. मिळोत बापड्या! जाड कापडाचे चार पदर त्यांच्या सुईखाली घालून बघा, मग बोलू.

माझा जन्म ओसाकाच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी माझा एकेक स्क्रू पिळून बसवला, कान लावून माझा आवाज ऐकला आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी समुद्राकाठच्या साकाता गावी आले, ती हिसानोच्या लग्नात. कपड्यांचं कपाट, गाद्या आणि मी, एवढं सामान तिच्या आईवडिलांनी लेकीबरोबर सासरी पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ती किती तरी वेळ माझ्यावर हात ठेवून गप्प बसली होती. त्या घरात आम्ही दोघीही नव्या होतो. तिथून आमची मैत्री जमली.

काय काय म्हणून शिवलं नाही आम्ही! हिसानोला मुलगा झाला, ताकेओ, आणि मग तर मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. दुपटी, लाळेरी, झबली. तो शाळेत जायला लागला तेव्हा वर्गातली फरशी पुसायची फडकी, आणि भूकंप झालाच तर डोक्यावर ओढायची कापूस भरलेली जाड टोपडी. शेजारणी यायच्या, शिवणीवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हिसानोसान, टाके आहेत की तांदळाचे दाणे?" मी वरवर काही दाखवत नसे, पण आतून फुलून जायचे.

मग दिवस पालटले. तयार कपडे स्वस्त झाले. ताकेओ मोठा झाला आणि हिसानोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस माझ्यावर जुनी चादर टाकून तिने मला भिंतीतल्या कपाटात, अंथरुणांच्याही मागे सरकवलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. माझ्यातलं तेल सुकून चिकट झालं. बाहेर ताकेओचं लग्न झालं, घरात सून आली, सावाको. मग नात झाली, मिनोरी. सगळं मी कपाटाच्या दाराआडून ऐकलं. दुपटी विकतची आली, हेही ऐकलं. त्या दिवशी माझा तिळपापड झाला होता.

आता खरी गोष्ट सांगते. ती चार वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली.

मिनोरी एप्रिलमध्ये बालवाडीत जाणार होती. आमच्या इथल्या बालवाडीची रीत अशी, की मुलाची पुस्तकं न्यायची पिशवी घरीच शिवायची. रुंदी किती, उंची किती, बंद केवढे, सगळं बाई सांगतात, आणि दर वर्षी गावातल्या आयांच्या तोंडचं पाणी पळतं. सावाकोने मिनोरीला कापडाच्या दुकानात नेलं. पोरीने ससे पाहिले नाहीत, फुलं पाहिली नाहीत, थेट पिवळ्या बस असलेल्या कापडावर बोट ठेवलं. कारण तिचे बाबा, म्हणजे आपला ताकेओ, शहरातली बस चालवतो.

"आई शिवणार ना?" मिनोरीने विचारलं.

"मीच शिवणार," सावाको म्हणाली.

पण सावाकोच्या पोटात दुसरं बाळ होतं, आणि त्या बाळाला बाहेर यायची भलतीच घाई झाली. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. बाळाचे दिवस भरेपर्यंत पडून राहायचं, उठायचं नाही, जिवाला घोर लावून घ्यायचा नाही. कापड तसंच राहिलं.

मिनोरीने जाहीर करून टाकलं, "आई घरी आली की पिशवी शिवेल. मग मी बालवाडीत जाईन."

"अगं, आई जूनमध्ये येणार," ताकेओ म्हणाला. "बालवाडी आठवड्यावर आली!"

"मग मी जूनमध्ये जाईन."

"विकतची छान मिळते, आणू का?"

"नको."

पोरगी ढिम्म हलेना. तिकडे सावाकोला हे कळलं आणि तिचा फोन आला. "अहो, मला बाकी काही नको. बालवाडीच्या दारात ती हसत उभी आहे, एवढा एक फोटो मला पाठवा. मग मी इथे कितीही दिवस गप्प पडून राहीन. नाहीतर माझा जीव इथे लागायचा नाही."

पोरगी घरी बसली तर तिच्यामागे धावणार कोण? हिसानोला धड दिसत नव्हतं, ताकेओला कामावर जावंच लागत होतं. आणि सावाको काळजीने उठून बसली तर बाळाचं काय?

शेवटी हिसानोने मार्ग काढला. "मिनोरी, असं करू. आई फोनवरून सांगेल, बाबा शिवतील. म्हणजे निम्मी आईचीच झाली की नाही?"

मिनोरीने बराच वेळ विचार केला. "बरं," ती म्हणाली. "पण आईने बघितलं पाहिजे."

आणि मित्रांनो, कपाटाचं दार उघडलं! ताकेओने अंथरुणं बाजूला केली, मला उचललं आणि म्हणाला, "अरे बाप रे!" मला इतका आनंद झाला की विचारू नका. पण एकदम खूश झालेलं दाखवायचं कशाला? मी जरा रुसून बसले. पहिल्या दोन टिपांना दोऱ्याचा असा गुंता करून दिला की त्याला घाम फुटला.

"तेल घाल रे आधी तिला," हिसानो म्हणाली. "तुला जेवायला घातल्याशिवाय कधी कामाला जुंपलं का मी?"

त्याने तेल घातलं. ते सांध्यासांध्यांत उतरलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता ताकेओची गंमत ऐका. बस सुटण्याआधी ड्रायव्हर बोट दाखवून मोठ्याने बोलत एकेक गोष्ट तपासतात ना, त्याची त्याला इतकी सवय, की माझ्यासमोर बसूनही त्याने बोट रोखलं. "सुई, ठीक! दोरा, ठीक! बॉबिन, ठीक!" शेजारी मिनोरीही बोट रोखून ओरडत होती, "ठीक!"

"झाले का सगळे प्रवासी चढून?" हिसानो म्हणाली. "मग निघ आता, उद्या पोरीची बालवाडी आहे!"

फोन उशीला टेकवून ठेवला होता. त्यातून सावाको सांगत होती, "लांब पट्टा कापलात ना? आता चित्रं आत घेऊन मधोमध दुमडा. दोन्ही बाजूंना सरळ टीप. अहो, मला फक्त तुमचा कान दिसतोय!"

"कान ठीक आहे ना?"

"कान उत्तम आहे. कापड दाखवा!"

त्याने कापड दाखवलं, पण चित्रं आत होती, बाहेर नुसती कापडाची पाठ. सावाकोला तीच दिसली आणि मलाही तीच दिसली. बाकी ताकेओने टीप झकास मारली हो. प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून तो ब्रेक जसा हळूच दाबतो, तसाच माझ्या पेडलवर त्याचा पाय. हिसानोने शिवणीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "शाबास रे ताके! अगदी सरळ आहे."

बंद लावले, पिशवी उलटवून चित्रं बाहेर काढली. पिवळ्या बस ओळीने उभ्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिनोरीने पिशवी हातात घेतली, फिरवून मागची बाजू बघितली.

"बाबा," ती म्हणाली, "बस उलटली."

एक नाही, मागच्या बाजूच्या सगळ्याच्या सगळ्या बस चाकं वर करून पडल्या होत्या. कापड एकाच दिशेचं. मधोमध दुमडलं की एक बाजू सरळ येते आणि दुसरी डोक्यावर, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ताकेओने कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं बस चालवतोय, कधी साधा आरसा घासला नाही! आणि आज सगळा ताफा उलटवला!"

फोनमध्ये सावाको खो खो हसत सुटली. शेवटी नर्सचा आवाज आला, "बाई, हसणं पुरे, पोट हलतंय," आणि फोन बंद झाला.

मिनोरी मात्र हसली नाही. "आईने शिवली असती तर सरळ आली असती," ती म्हणाली. "मी नाही जाणार." तिने पिशवी टाकली आणि आजीच्या कुशीत तोंड लपवलं.

कापड उरलं नव्हतं. मधोमध कापून परत जोडायची म्हटलं तर पिशवी आखूड झाली असती आणि पुस्तकच मावलं नसतं. ताकेओ मान खाली घालून माझ्यासमोर बसून राहिला. मला त्याची फार दया आली. लहानपणी याच्या किती तरी चुका मी आणि त्याच्या आईने उसवून नीट केल्या होत्या, पण ही उसवून सुटणारी नव्हती.

सकाळी हिसानोने लाल चवळी घालून शुभदिनाचा भात केला. मिनोरीने दोनच घास खाल्ले. निळा कोट चढला, पिवळी टोपी चढली, बूटही चढले. पण दाराशी, जिथे आम्ही बूट काढतो, तिथल्या पायरीवर ती जी बसली ती उठेचना. चटईच्या खोलीतून मला सगळं दिसत होतं. ताकेओ सूट घालून उभा होता. त्याने खाऊचं आमिष दाखवलं नाही की आवाज चढवला नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मिनोरी, बाबांना शिवता येत नाही," तो म्हणाला. "तरी शिवली, कारण तुझ्यासाठी होती. चुकली, त्याला मी काय करू? आजच्या दिवस हातात धर. आई आली की नवी शिवेल. आणि अगदीच नको असेल, तर राहू दे. मी आईला फोन करून सांगतो."

मिनोरीने त्याच्याकडे पाहिलं. मग उभी राहिली, पिशवीचे बंद दोन्ही हातांत धरले आणि मान खाली घालून रडायला लागली. टपटप थेंब पिशवीवर पडत होते. ती तशीच खाली बघत राहिली. मग रडणं थांबलं.

"बाबा."

"काय गं?"

"या बस सरळ आहेत."

"कुठल्या?"

"याच, उलट्या. मला सरळ दिसतात."

ताकेओ तिच्या मागे गेला, गुडघे टेकले आणि तिच्या खांद्यावरून डोकावला. पिशवीची उलटी बाजू बाहेर होती. समोरून बघणाऱ्याला बस डोक्यावर पडलेल्या, पण पिशवी धरून वरून वाकून बघणाऱ्याला त्याच बस चाकांवर नीट उभ्या!

"दुसरी बाजू लोकांची," मिनोरी म्हणाली. "ही माझी. बाबा, तू मुद्दाम केलंस?"

"नाही गं," ताकेओ म्हणाला. "चुकूनच झालं."

"असू दे," मिनोरी म्हणाली आणि दार उघडून बाहेर पडली. मागून हिसानो हाक मारत होती, "अगं, बाबांना तरी बूट घालू दे!"

माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी सावाकोचा फोन आला. दारातला फोटो तिला मिळाला होता. "अहो, चेहरा कुठाय हिचा? नुसती टोपी दिसतेय!"

"काय करू? वर बघायलाच तयार नाही. पिशवीकडेच बघत उभी होती."

सावाकोने फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "टोपी हसतेय हो. मला दिसतंय." आणि ती जूनपर्यंत शांत पडून राहिली. बाळ पुऱ्या दिवसांचं, गुटगुटीत झालं. त्याचं नाव सोसुके.

तेव्हापासून मी कपाटात गेले नाही. खिडकीजवळ माझी जागा आहे. सावाको माझ्यावर शिवते, ताकेओ सुट्टीच्या दिवशी तेल घालतो, आणि हिसानो नुसतीच माझ्यावर हात ठेवून ऊन खात बसते.

परवा सोसुकेच्या बालवाडीची पिशवी शिवायची होती. सावाको आता हुशार झाली आहे. तिने कापडाचे दोन तुकडे केले, तळाशी जोड दिला, आणि दोन्हीकडचे हत्ती अगदी सरळ आणले. मीही झकास टाके घातले. मिनोरी शाळेतून आली, तिने पिशवी हातात धरली, वरून वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, चुकलीस तू," ती म्हणाली. "दोन्ही बाजू लोकांच्याच केल्यास. सोसुकेची कुठाय?"

सावाकोने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने तळाची शिवण उसवायला घेतली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी चादरीखाली पडली असेल. तिला उजेडात आणा, दोन थेंब तेल घाला. पहिले दोन टाके ती गुंतवेल, तेवढं तिचं चालवून घ्या. आणि तुमच्यासाठी कुणी हौसेने काही वेडंवाकडं करून आणलं, तर ते टाकून देऊ नका. आधी हातात धरा आणि एकदा आपल्या बाजूने बघा.