मागची जोडी

“चाचा, आई उठंना झाली,” आदिनाथ सर दारात येऊन म्हणले. “तुम्हीच सांगून बघा.”

मी ड्रिल खाली ठेवलं अन् आत डोकावलो. सोफा मागच्या भिंतीला घट्ट टेकलेला, अन् त्याच्यावर सिंधुबाई, सरांची आई. पाठ भिंतीला, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. जिथं मला काम करायचं, नेमकं तिथंच त्यांचं डोकं.

“वैनी, जरा उठता का? सोफा पुढं ओढायचाय.”

“कशाला? हितंच बरं हाय मला.”

“मागं स्पीकर बसवायचेत. खोली लहान हाय. भिंतीला चिकटून बसलं की मागचा आवाज नुसता कानात घुसतो. सोफा हातभर पुढं घेतला की मागनं मोकळा येतो.”

“मागनं?”

“मागनंच. त्याच्याबिगर थेटर कसलं?”

बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. लग्नाकार्यात माईक लावता लावता माझे केस पांढरे झालेत. माईक हातात दिला की भलेभले कसे थरथरतात ते मी बघितलंय. बाईंचं भ्या तसलं नव्हतं. बकरं जसं दोरीकडं बघतं, तशा त्या पुढच्या मोकळ्या फरशीकडं बघत होत्या.

“आई, तुझ्यासाठीच तर केलंय हे सगळं,” सर म्हणले. “जल्मभर लोकाच्या ओसरीवर उभी राहून टीव्ही बघितलास. आता बस की राणीसारखी मधोमध.”

पोराचं तोंड बघून बाई उठल्या. नको म्हणायचंही त्यांना भ्याच वाटत होतं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

लातुरात डॉक्टर घडवायचे क्लास निघाले तसं आमच्या धंद्याचंही नशीब फिरलं. आधी आपलं काम म्हणजे कर्णे. लग्न, उरूस, गणपती. मग क्लासच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावरच्या पोराला सर ऐकू आले पाहिजेत म्हणून बॉक्स लावायला लागलो. मग त्याच सरांनी बंगले बांधले अन् बंगल्यात थेटरची खोली काढली. आदिनाथ सर केमिस्ट्री शिकवतात. पार उमरी-चाकूरकडनं पोरं येतात त्यांच्या नावावर. माणूस साधा. मला अजून ‘चाचा’ म्हणतो, अन् पाणी स्वतः आणून देतो.

त्यांच्या वास्तुशांतीलाही माईक माझाच होता. घरची मोठी बाई पूजेला पुढं पाहिजे, तर ह्या मागं भिंतीला पाठ लावून बसलेल्या. पाहुण्यांतला एक जण म्हणला, “सिंधुबाई, भित पडंल म्हून धरून बसल्या का काय?” हसायला तोंड उघडलेली माणसं तशीच मिटली. सरांचं घराणं किल्लारीकडचं. भूकंपातलं. असल्या माणसांपुढं भिंतीचं नाव कुणी काढत नाही.

तर मागच्या स्पीकरच्या जोडीवरून सकाळपासून आमचं चाललं होतं. आधी मी माझ्या दुकानातली जोडी आणली. जुनी, पण लाकूड चांगलं, अन् ट्रान्सफॉर्मर पोटातच. खोड एकच. वायर जोडली की गाणं नसलं तरी बारीक भुणभुण करते. मी अर्थिंग बदलून बघितलं, वायर बदलून बघितली. जाईना.

“चाचा, हे काय माशी कोंडल्यासारखं?” सर म्हणले. “परत न्या हे.”

“सर, सिनेमा चालू झाला की ऐकू येत न्हाई.”

“अन् सिनेमा गप झाला की?”

मी जोडी पोत्यात घालून दाराशी ठेवली. मग सरांनी पुण्याहून मागवलेली काढली. तळहाताएवढी, काळीशार. लावली तरी कळत नव्हतं लावलीय म्हणून. एकदम गप. सर खूश. मी म्हणलं आधी स्टुलावर ठेवून आवाज बघू, पसंत पडला तर भिंतीला भोक पाडू. डोक्यामागं काही टांगायचं म्हणजे मी लई डरतो. दुसरे दोन खिळे मारतात तिथं मी चार मारतो, वरून तार बांधतो. फरीदा, आमची बायको, म्हणते, “तुमी स्पीकर टांगता का जनावर बांधता?”

सोफा पुढं ओढला अन् बाई मधोमध बसल्या. पाठीमागं मोकळी जागा, त्यात दोन स्टुलं. सरांनी दार लावलं. दाराला आतून गादी, खिडकी नाही. दार बसलं तसा बाहेरचा रस्ता, कुकरची शिट्टी, सगळं एकदम कापून काढल्यासारखं झालं.

खरं सांगतो, माझी नजर आधी दाराकडं गेली. भूकंपाच्या रात्री विसर्जनाचे कर्णे उशाला घेऊन मी टेम्पोत झोपलो होतो. पहाटं ते कर्णे आपोआप एकमेकांवर आपटायला लागले, कुणी हात न लावता. तेव्हापासून बंद खोलीत काम करायचं तर मी दारात हत्याराची पेटी अडकवतो. त्या दिवशी आवाज बघायचा म्हणून पेटी काढली होती.

थेटरचं मशीन स्वतःच तपासणी करतं. एकेका स्पीकरमधून शूऽऽ असा आवाज सोडतं. आधी डावीकडनं. मग मधनं. मग उजवीकडनं. वाळू गळावी तसा आवाज. बाईंची मान त्याच्याबरोबर फिरत होती. उजव्या बाजूला तो गेला, तशी मान थांबली. अजून मागं वळवता आली असती, पण वळवली नाही. डोळे गच्च मिटले.

आवाज मागं गेला. शूऽऽ. बरोबर पाठीशी.

“जागी हाय,” बाई म्हणल्या.

सरांना वाटलं आपल्याला म्हणल्या. “काय आई?”

“जागी हाय मी, आत्याबाई. झोपले न्हाई.”

मागच्या एका स्पीकरमधून आवाज दुसऱ्यात गेला, अन् मग तपासणी संपली. खोली गप झाली. असली गप की मला माझंच रक्त ऐकू यायला लागलं. बाईंनी सोफ्याची कड धरली अन् ओरडल्या, “आत्याबाई! बोला की! ओ आत्याबाई!”

मी धडपडत दार उघडलं. सरांनी आईला धरलं. हातपाय गार पडलेले. बाहेर पायरीवर, उन्हात नेऊन बसवलं. पाणी दिलं तर दात भांड्यावर वाजत होते.

मग त्या बोलल्या. आदिनाथ सरांना हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. भूकंपाच्या वेळी सर नुकते पाऊल टाकायला लागले होते.

“तू माज्या पोटाखाली हुतास. वरून दगड, माती. मान हालत न्हवती. तुझा बाप रानात राखणीला. अन् माज्या पाठीमागं तुझी आजी.”

“धोंडाबाई आजी?”

“हाव. दिसत न्हवत्या, नुसत्या बोलत हुत्या. जल्मभर टोमणे मारले त्यांनी मला, अन् तितं बी त्येच. ‘सिंधे, झोपू नगं. झोपायला लई आवडतंय तुला. तुज्या भाकरीला कधी पापुद्रा सुटला न्हाई. तुज्या आईनं काय शिकवलं गं?’ मी म्हणायची, जागी हाय. की पुन्ना सुरू. ‘आमटीत मीठ घालत जा जरा.’” बाईंच्या तोंडावर हसू आलं अन् गेलं. “मग बोलणं सरलं. नुसत्या कण्हत हुत्या, बारीक, भुंग्यावानी. तवर मला धीर हुता. मग त्ये बी थांबलं. मान वळवून बगता आलं न्हाई रं मला. तुज्या बापानं माती उपसली तवर मी एकलीच बोलत राहिले, जागी हाय, जागी हाय.”

सर खालच्या पायरीला आले. हॉलभर पोरांना गप बसवणारा माणूस. पायरीवर बसून आईच्या पायाची माती पुसत राहिला. पायाला माती नव्हती.

मग म्हणले, “चाचा, मागचं सगळं काढून न्या. पुढचंच राहू द्या.”

“काढू नगं,” बाई म्हणल्या.

“आई, तुला भीती वाटती ना मागून आवाज आला की?”

“आवाजाचं भ्या न्हाई रं, येड्या. गप होण्याचं भ्या हाय. मागं भिंत असली की बरं असतंय. भिंतीला काय, ती आधीपास्नंच गप.” माझ्याकडं वळून म्हणल्या, “भाऊ, सकाळी ज्ये बोलत हुतं, त्ये कुठं हाय?”

“कोणतं?”

“त्येच. माशी म्हणला ह्यो त्याला.”

मी पोतं उचललं अन् आत गेलो. ही भुणभुण घालवायला मी दुकानात महिनाभर खपलो होतो, अन् आता वायर जोडताना मनात म्हणत होतो, या अल्ला, आज बरी होऊन बसू नको. बटण दाबलं. एक क्षण काहीच नाही. मग आली.

बाई दाराबाहेरूनच ऐकत उभ्या राहिल्या. आत आल्या, सोफ्यावर बसल्या. पाठ टेकली नाही. पण बसल्या. मी भिंतीत चार-चार खिळे मारले अन् वरून तार बांधली.

पुढं उन्हाळ्यात सरांचा रिमोट चालंना म्हणून मी दुपारचा गेलो. सर दारातच तोंडावर बोट ठेवून उभे. थेटरचं दार उघडंच, त्यात माझ्यासारखीच एक पेटी अडकवलेली. पडदा बंद होता. भिंतीपासून हातभर पुढं ओढलेल्या सोफ्यावर सिंधुबाई कुशीवर झोपल्या होत्या, पाठ त्या मोकळ्या जागेकडं. मागं भुणभुण चालू.

आम्ही बघत उभे होतो, तेवढ्यात लाइट गेली.

फ्रिज थांबला, पंखे थांबले, शेजारची मोटर थांबली. सगळं घर गप झालं. मी सरांकडं बघितलं. सर बोट वर करून नुसते थांबले होते.

आत टक्‌ झालं. सरांनी ती एक जोडी इन्व्हर्टरवर घेतली होती. इन्व्हर्टरवर भुणभुण असतीच जरा जाड. ती आली, अन् झोपेतच, डोळे न उघडता, सिंधुबाई म्हणल्या, “हं.”