आठावर थांबलेले घड्याळ

मित्रांनो, मी भिंतीवरचे एक जुने घड्याळ आहे. मला एकदा किल्ली दिली की मी आठ दिवस चालतो, आणि आज सातवा दिवस सरत आला आहे. त्यामुळे मला जरा घाईने बोलावे लागेल. घाई मला मुळीच आवडत नाही. पण आतली स्प्रिंग सैल पडू लागली की माझ्यासारख्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लाकडी पेटी, पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे आणि लांबसडक लाल सेकंदकाटा. ज्या कारागिराने मला जुळवले त्याने तीन दिवस मला आपल्या बाकासमोर टांगून पारखले. मग तो म्हणाला, "हे रुग्णालयात द्या. घरात ह्याची किंमत कळायची नाही." हे ऐकून मी इतका फुगलो की काच तडकायचीच बाकी होती.

मी वीस खाटांच्या वॉर्डात गेलो. तिथे माझ्याकडे कोणी उगाच बघत नसे. कोणाचा ताप कधी मोजायचा, कोणाला कोणते औषध कधी द्यायचे, कोणाच्या नाडीचे ठोके किती पडतात, हे सगळे माझ्याच भरवशावर चाले. एके दिवशी बावीस वर्षांची एक नवी सिस्टर आली. घाबरलेली, पण हाताने पक्की. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवायची आणि नजर माझ्या लाल काट्यावर. पुढे तीच मोठी सिस्टर झाली. दर आठवड्याला पहिल्या पाळीला ती स्वतः मला किल्ली देई. डॉक्टर लोक किल्ली विसरून खिशातून घरी नेत, म्हणून तिने माझ्या पेटीत, तळाशी डाव्या कोपऱ्यात, एक छोटा खिळा ठोकला आणि किल्ली तिथे अडकवून ठेवली. नव्या मुलींना ती दम भरायची, "आपल्या मनगटावरचं नका बघू. ह्याला विचारा. हे कधी खोटं बोलत नाही."

मित्रांनो, इतके कौतुक फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. वॉर्डात लुकलुकत्या आकड्यांची घड्याळे आली. मी अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटांच्या मागे पडलो, तिथून भंगारवाल्याकडे गेलो आणि भंगारवाल्याकडून एका सजावटकाराच्या हाती लागलो. त्याने मला पॉलिश केले. आरशात पाहिले तर मी ओळखू येईना. मग त्याने पकड घेतली आणि माझा लाल काटा उपटून टाकला. "हा डोळ्यांना खुपतो," म्हणाला. टिकटिक नको म्हणून किल्ली देण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेले दोन काटे त्याने बरोबर आठावर आणून ठेवले. "जेवणाची वेळ. फोटोत छान दिसेल."

अशा रीतीने मी ह्या झकपक हॉटेलात आलो. इथला थाटच न्यारा आहे. दिवे इतके मंद की समोरचा माणूस नातेवाईक आहे की परका, हे आवाजावरून ओळखावे. दारात एक मखमली पेटी आहे. आत येताना सगळ्यांनी आपले मोबाईल त्यात ठेवायचे. इथे वेळ विसरायची, अशी मालकाची कल्पना आहे. वाढप्यांनाही ताकीद आहे की वेळेबद्दल बोलायचे नाही. साडेआठला सगळ्या टेबलांवर एकदम जेवण येते, त्याआधी फक्त पाणी आणि मंद संगीत. मी बिनकामाचा वर लटकलेला, फोटोसाठी माझ्यावर तेवढा एक दिवा रोखलेला. चालायची सवय असलेल्याला नुसते लटकत राहणे काय असते, हे तुम्हाला कसे सांगू?

वेळ मला कळते मात्र. समोरचा शिंपी रोज साडेसातला आपल्या दुकानाचे शटर खाली ओढतो. त्या आवाजावरून मी मनातल्या मनात काटे फिरवत असतो.

मागच्या आठवड्यात एक कुटुंब आले. मुलगी, जावई, दहा-अकरा वर्षांची नात आणि काठी टेकत चालणारी आजी. आजीचा वाढदिवस होता. चष्मा पुसत तिने वर पाहिले आणि ती जागीच थांबली.

"अगं, हे आमच्या वॉर्डातलं घड्याळ!"

मोठ्या सिस्टर! मित्रांनो, माझ्या पोटातले प्रत्येक चाक शहारले.

"आई, असली घड्याळं ढिगाने असतात," मुलगी म्हणाली.

"असतील. पण आठाच्या आकड्याखालचा हा टवका माझ्या हातून पडलाय. कात्री लागली होती." मग ती नातीकडे वळली. "बेटा, ह्याच्याकडे बघून मी हजारो माणसांना औषधं दिली आहेत. बघ, आठ वाजले. साडेआठला जेवण म्हणाले ना? मग माझी सुई आत्ताच घ्यायला हवी."

तिला मधुमेह होता. जेवणाआधी अर्धा तास इन्शुलिन घ्यायचे, असा तिचा नेम. तिने पर्स उघडली.

नको! मी जीव तोडून ओरडलो. पण माझ्याकडे आवाज कुठला? शिंप्याचे शटर अजून पडले नव्हते. जेमतेम सव्वासात झाले होते. जेवणाला अर्धा नव्हे, चांगला सव्वा तास होता. माझे काटे आठावर खिळलेले, आणि ज्या बाईने आयुष्यभर माझ्यावर विश्वास टाकला तिने रुमालाच्या आडून शांतपणे सुई टोचून घेतली. मग ती माझ्याकडे पाठ करून बसली.

शटर पडले. संगीत बदलले. पुन्हा बदलले.

"पोटात कावळे कोकलायला लागले," जावई म्हणाला. "अहो, जेवण?"

"साडेआठला, सर. सगळ्यांना एकदम," वाढपी हसून म्हणाला आणि निघून गेला.

"मग आता होतच आले असतील," मुलगी म्हणाली.

आजी गप्प झाली होती. कपाळावर घाम, हाताला कंप. हातातला ग्लास टेबलावर आपटला. तिने सवयीने आपल्या डाव्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि ठोके मोजायला मान वळवून वर पाहिले. लाल काटा शोधला. तो नव्हता. आणि आठच वाजले होते.

"हे बंद आहे," ती पुटपुटली. "ह्याने... अगं, माझी साखर उतरतेय. साखर आण. पटकन."

जावई उठला. वाढपी धावत आला. "मॅडम, आम्ही टेबलावर साखर देत नाही. चव शेफ ठरवतात."

"अरे बाबा, मला चव नकोय," आजी धापा टाकत म्हणाली, "साखर हवी आहे!"

नात तोपर्यंत स्वयंपाकघरात पोचली होती. शेफ बशीत तीन ठिपके काढण्यात गढला होता, त्याने मान वर केली नाही. भांडी घासणाऱ्या बाईंनी मात्र आपल्या चहाच्या साखरेचा डबाच नातीच्या हातात कोंबला. आजीने मूठभर साखर तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, पुन्हा साखर खाल्ली. मुलगी तिचा हात धरून रडत होती. मला रडताही येत नव्हते.

हळूहळू आजीचा कंप थांबला. मग, तासाभराहून जास्त ताटकळल्यावर, जेवण आले. परातीएवढ्या बशीत मधोमध लिंबाएवढे काहीतरी, वर एक पान. नातीने पान उचलून खाली पाहिले. खाली काही नव्हते. "आजी, ह्याच्यापेक्षा साखर जास्त होती," ती म्हणाली. आजी हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

निघताना तिने जावयाला खुर्चीवर चढवले. "काच उघडा. खाली डावीकडे हात घाला. खिळा आहे."

किल्ली तिथेच होती! इतक्या वर्षांत ती कोणाला सापडली नव्हती. जावयाने किल्ली दिली, दारातल्या पेटीतून परत घेतलेल्या मोबाईलवर बघून काटे जुळवले आणि मी टिकटिकू लागलो. मॅनेजर धावत आला. "आजी, आवाजाचा गिऱ्हाइकांना त्रास होतो."

"मग काटे काढून ठेवा. बंद आहे हे दिसू दे. पण चुकीची वेळ सांगायला ह्याला लावू नका." मग ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुझी चूक नाही रे."

मॅनेजरने "हो, हो" म्हणून मान हलवली. त्यानंतर काटे कोणी काढले नाहीत आणि किल्लीही दिली नाही.

आत्ता सव्वासात झाले आहेत. खरेच झाले आहेत. कोपऱ्यातल्या टेबलावर एक आजोबा गोळ्यांची डबी उघडून माझ्याकडे बघत आहेत. आज मी त्यांना खरे सांगू शकलो. उद्या रात्रीपर्यंत माझी स्प्रिंग संपेल, काटे असतील तिथे थांबतील, आणि परवा त्या खुर्चीवर दुसरे कोणीतरी बसेल.

मित्रांनो, ज्याच्यावर कोणी विसंबणार आहे, ते नुसते शोभेला टांगू नका. चालते ठेवा, नाहीतर खाली उतरवा. आणि कधी इकडे जेवायला आलात, तर एक खुर्ची ओढा आणि वर चढा. किल्ली कुठे आहे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.