तीन बोटांचं चाक

“हे पुढे लावायचं आणि ही थाळी मागे. सहा मिनिटं वाचतात, गेरिट! कागदावर लिहिलंय.”

बेव्हने भाड्याने आणलेली सायकलची दोन चाकं गेरिटच्या गॅरेजातल्या बाकावर ठेवली. पुढच्याची रिम पाच बोटं खोल होती. मागच्याला तर आरेच नव्हते, थाळीसारखं बंद होतं ते.

गेरिट व्हँडरमीरने कागदाकडे पाहिलंही नाही. चाळीस वर्षं त्याने कालव्याचे दरवाजे सांभाळले होते आणि कॅनडातल्या अल्बर्टाचा वारा अंगावर घेतला होता. “हा कागद लिहिणारा कधी आपल्याकडे येऊन गेलाय का?”

“झाली तुमची सुरुवात!”

बेव्ह कुरिलुक शाळेची बस चालवायची. वय एकोणपन्नास. गेल्या वर्षी ती पोहणं, सायकल आणि धावणं अशा ट्रायथलॉनमध्ये उतरली होती. नव्वद किलोमीटरची सायकल साडेबाराच्या आत संपवायची होती. तिला चार मिनिटं उशीर झाला. समोर दोरी आडवी धरली गेली आणि तिला पुढे धावायला सोडलंच नाही. शनिवारी पुन्हा तीच शर्यत होती.

“गेल्या वर्षी उतारावर ब्रेक किती वेळा धरलास?” गेरिटने विचारलं.

“किती वेळा काय, सोडलाच नाही. वारा पुढचं चाक ट्रकच्या बाजूला ओढत होता हो.”

“आणि यंदा पुन्हा तसलंच चाक?”

“मग ती चार मिनिटं आणू कुठून? तुम्ही देता?”

गेरिटला अलिडा आठवली. त्याची बायको दुकानात उभ्या उभ्या चाक कधी ठरवायची नाही. चाक उघड्यावर न्यायची, आसाला दोन्हीकडून धरायची, हात लांब करायची आणि वाऱ्यात सावकाश वळवून बघायची. दुकानदार हसायचा. “घोडा घेतेस का अलिडा?” ती म्हणायची, “वेग माझ्या पायांत आहे. चाकाने मला भिववू नये, एवढंच.” असं बघून तिने एकच जोडी घेतली आणि अकरा वर्षं तीच वापरली. चढ असो, सपाटी असो, पाऊस असो. त्रेसष्टाव्या वर्षी साठीवरच्या बायकांत प्रांतात पहिली आली ती याच जोडीवर.

तिला जाऊन वीस महिने झाले होते. चाकांची पिशवी वरच्या खुंटीवर होती. गेरिटने ती उघडली नव्हती.

“ते चाक घे आणि बाहेर चल,” तो म्हणाला.

अंगणात बेव्हने पाच बोटांचं चाक हात लांब करून धरलं आणि वळवलं. वाऱ्याने मनगटं पिळली. ती दोन पावलं मागे गेली.

“अगं बाई!”

गेरिट आत गेला. पिशवीची चेन अडकली होती. ती ओढायला त्याला वेळ लागला. मग दोन्ही चाकं घेऊन तो बाहेर आला.

“गेरिट, ही तिची आहेत ना?”

“धर.”

हे पुढचं चाक तीन बोटांचं होतं. बेव्हने वळवलं. वाऱ्याने ते ढकललं आणि सोडून दिलं.

“तिच्या जोडीतलं मागचं पाच बोटांचं आहे, पण ते चालतं,” तो म्हणाला. “त्यावर तुझं वजन असतं. भीती पुढच्या चाकात असते. ती गेली की तुझी चार मिनिटं तुला मिळाली.”

“आणि मी पडले तर? फुटली तर?”

“चाकंच आहेत,” गेरिट म्हणाला आणि पाना शोधायला वळला.

शनिवारी तो शेवटच्या उताराच्या तळाशी घडीची खुर्ची टाकून बसला. पश्चिमेचा वारा टोपी राहू देत नव्हता. वरून येणारे स्पर्धक ब्रेक आवळून, ताठ बसून उतरत होते. घड्याळात बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

मग ती टकटक ऐकू आली. अलिडाच्या मागच्या चाकाची, दाट आणि एकसारखी. त्याने स्वतः ग्रीस भरलं होतं त्यात, दर वसंतात. माणूस दिसायच्या आधी त्याची मान वळली, हात वर गेला.

बेव्ह होती. कोपरं खाली, मान खाली. ब्रेकवर एक बोटसुद्धा नव्हतं.

“बाजूला व्हा रे!” ती पुढच्या माणसावर ओरडली आणि निघून गेली. गेरिटकडे तिचं लक्षच गेलं नाही. त्याचा हात अजून वरच होता.

बारा एकवीसला सायकल संपवून ती आत पोचली. नऊ मिनिटं राखून.

रविवारी ती चाकं पुसून पिशवीसकट घेऊन आली, सोबत बटाटा भरून उकडलेल्या पेरोगींचा डबा. खूप बोलली, थोडी रडली, मग मुलीचा फोन आला म्हणून गेली.

गेरिट चाकं पिशवीत घालू लागला. पिशवीच्या झाकणाला आतून पांढरी पट्टी होती. अलिडा प्रत्येक शर्यतीनंतर तिच्यावर पेन्सिलीने त्या दिवसाचा वारा लिहायची. वेळ कधीच नाही लिहिली, फक्त वारा. शेवटची ओळ तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरची होती.

तिच्याखाली आता वेगळ्या, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पश्चिम, ताशी पन्नास. ब्रेक नाही.’

त्याने ते दोनदा वाचलं. खाली अजून चार-पाच ओळींची जागा होती. चेन लावून त्याने पिशवी उचलली आणि वरच्या खुंटीवर न टांगता दाराजवळच्या खुंटीला अडकवली, जिथे कुणाचाही हात पोचतो.