मास्तरांचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते. मान नसली तर नसो, बॉनेट आहे!

कारखान्यातून बाहेर पडताना वाटले होते, एखाद्या डॉक्टरच्या दारात सावलीला उभी राहीन. नशिबात निघाली गाडी शिकवायची शाळा. माझ्या टपावर पाटी बसली आणि चालकाच्या शेजारच्या आसनापुढे आणखी एक क्लच, आणखी एक ब्रेक बसवला गेला. ही जोडी शिकवणाऱ्या मास्तरांची. शिकणारा गोंधळला की ते तिथून मला सांभाळून घेत. दोन्ही क्लच आतून जोडलेले होते. एक दाबला की दुसराही खाली जाई.

मास्तर देवमाणूस. कुणावर आवाज चढवला नाही. पाववाला, पोस्टातल्या बाई, शेजारच्या जुळ्या बहिणी, सगळे माझ्यावरच शिकले. रस्त्यात भेटले की हॉर्न वाजवून ओळख देत, आणि मला मूठभर मांस चढे. पत्र्याच्या अंगावर, पण चढे.

मग माझे दिवस फिरले. क्लच म्हणजे इंजिनाने चाकांचा धरलेला हात. पेडल दाबले की तो सुटतो आणि गिअर बदलता येतो. पेडल सोडले की पुन्हा घट्ट धरतो. माझा हात निसटू लागला. इंजिन नुसते गुरगुरे, मी मात्र गोगलगाईसारखी चाले. चढावर तर जळका वास सुटे. नवी क्लचप्लेट बसवली, ती जळाली. पुन्हा बसवली, तीही जळाली.

"शिकणाऱ्यांचे पाय जड," मास्तर हळहळत. "क्लचवर उभेच राहतात!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला सगळे ठाऊक होते, पण तोंड कुठे होते?

त्या वर्षी नर्सबाई शिकायला आल्या. टेकडीपलीकडच्या वस्तीत घरोघरी जाऊन बाळंतिणींची काळजी घ्यायचे काम त्यांना मिळणार होते. अट एकच, गाडी चालवण्याचा परवाना हवा. पण परीक्षेत चढावर मी दोनदा मागे घसरले आणि त्या दोनदा नापास झाल्या. दुसऱ्या वेळी परीक्षक म्हणाले, "आणखी एकदा या. पण ही गाडी पुन्हा घसरली, तर हिला परत इथे आणू नका." नर्सबाईंची ती शेवटची संधी होती. त्यानंतर ते काम दुसऱ्या कुणाला जाणार होते. आणि मी? मास्तर माझ्या दारावर हात ठेवून म्हणाले, "यंदा पास नाही झाल्या, तर हिला भंगारात देतो आणि शाळाही बंद करतो."

ते ऐकून माझ्या दिव्यांतला उजेडच गेला.

मास्तरांची थोरली बहीण गॅरेज चालवायची. तिने हे ऐकले आणि बाह्या वर सारून आली. "भंगारात काय देतोस? आधी दुखणं तर कळू दे!"

तिने इंजिन बंद ठेवून माझे सगळे गिअर टाकून पाहिले. मग चालू करून पाहिले. दोन्ही वेळा लोण्यातून सुरी जावी तसे पडले. "गिअरबॉक्स ठणठणीत आहे." मग हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. खरे तर इंजिन गपकन बंद पडायला हवे होते. ते आपले घों घों करीतच राहिले. "प्लेट घसरतेय. पण केबल ताणलेली नाही, तेल गळत नाही. म्हणजे ही जळते ती शिकवताना."

तिने नवी प्लेट बसवली आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या वेळी मागच्या आसनावर जाऊन बसली. दोन वळणे होताच तिचे डोळे बारीक झाले.

"अरे, तुझा डावा पाय कुठे आहे?"

"खाली. आणखी कुठे असणार?"

"क्लचवर नाही ना?"

"छे गं, ताई! इतकी वर्षं शिकवतोय मी."

ताईने पिशवीतून लेकीचे पिवळे रबरी बदक काढले आणि मास्तरांच्या क्लचवर दोरीने बांधले.

"हे काय आता?"

"तुझा पाय तिथे नसतोच ना? मग तुला कसला त्रास?"

नर्सबाईंनी मला पुढे काढले. समोरून सायकल आली. ची! कोपऱ्यावर कुत्रे दिसले. ची! फाटकाजवळ तर बदकाने नुसता हैदोस घातला. नर्सबाईंना हसू आवरेना. त्यांनी मला कडेला थांबवले. मास्तरांचे कान लाल झाले होते.

"मला भीती वाटते गं," ते हळूच म्हणाले. "यांच्या हातून काही चुकलं तर? म्हणून पाय तयार ठेवतो. टेकतोय हे कळलंच नाही मला."

नर्सबाईंचे हसू थांबले. "मास्तर, बाळंतपणात मीही बाईजवळ बसते. हात धरते. पण जोर तिलाच लावू द्यावा लागतो."

मास्तरांनी डावा पाय उचलून आसनाखाली घेतला. पहिले काही दिवस तो सारखा पुढे येई. मग शहाणा झाला.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक शेजारी बसले आणि मास्तर चढाच्या टोकाशी उभे राहिले. चढाच्या मध्यावर हुकूम आला, "थांबा." आम्ही थांबलो. "चला." नर्सबाईंनी क्लच हळूहळू सोडला. माझे नाक जरासे वर आले आणि इंजिनाने चाकांचा हात धरला. हँडब्रेक सुटला. मित्रांनो, मी बोटभरही मागे सरकले नाही! वास नाही, गुरगुर नाही, सरळ वर गेले. असे वाटत होते की टेकडीच काय, ढगावरही चढेन.

"हीच का ती गाडी?" परीक्षकांनी विचारले.

"हीच!" नर्सबाई म्हणाल्या. परीक्षकांनी कागदावर पासचा शेरा मारला. मास्तरांनी आनंदाने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. तो खाली चौकापर्यंत ऐकू गेला.

मित्रांनो, एवढे ऐका. गिअर बदलून झाला की क्लचवरचा पाय बाजूला ठेवा. नुसता टेकला तरी धरलेला हात सैल होऊन घासत राहतो. आणि कुणाला काही शिकवाल तेव्हा जवळ बसा, लक्ष ठेवा, पण पाय उचलून ठेवा. मायेने टेकलेला पायसुद्धा झिजवतो.

घरी परतताना नर्सबाईच चालवत होत्या. आजवर शिकणाऱ्याच्या पायांवरून नजर न काढणारे मास्तर प्रथमच खिडकीतून बाहेर पाहत होते.

"अहो, इथे तळं आहे?" ते म्हणाले. "केवढं मोठं!"