उंदीर नेमके कोणाचे

बेकरीवाला आणि सूपवाला सख्खे भाऊ आहेत, असं सांगितलं तर त्या रस्त्यावर नव्याने आलेल्या माणसाला खरं वाटत नसे. दुकानं अगदी खेटून, पण बोलणं सोडाच, एकमेकांकडे बघणंही नाही. वडिलांच्या वेळी ते एकच मोठं दुकान होतं. पुढे धाकट्याने त्यात सूपचं पातेलं चढवलं आणि त्याच्या वाफेने थोरल्याची बिस्किटं मऊ पडायला लागली. "तुझं सूप आवर", "तू तुझी बिस्किटं झाक", असं करता करता हमरीतुमरी झाली. मध्ये प्लायवूडची भिंत घालायचं ठरलं, तर सुतार कोणाचा यावरून पुन्हा जुंपली. शेवटी दोघांनी आपापल्या सुताराकडून, आपापल्या बाजूने, आपापली भिंत उभी केली. दोन्हींच्या मध्ये वीतभर पोकळी राहिली. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

एका सकाळी पावाची पहिली भट्टी उतरत असताना अन्न तपासनीस बाई बेकरीच्या दारात उभ्या राहिल्या. ओळखपत्र दाखवलं, केसांवर टोपी चढवली, बेसिनवर साबणाने हात धुतले आणि मगच आत आल्या. स्वच्छतेच्या बाबतीत बेकरीवाला, म्हणजे थोरला, स्वतःला कोणापेक्षा कमी समजत नव्हता, तरी बाईंच्या हातातली बॅटरी बघून त्याला आपलं काहीतरी चुकलंच असणार असं वाटायला लागलं.

पण बाई फिरल्या तिथे सगळं ठीक निघालं. पिठाची पोती जमिनीपासून उंच फळीवर होती. फ्रीजमधलं लोणी थंडगार होतं. बाईंनी थर्मामीटर लावून बघितलं आणि मान हलवली. अंड्यांचे ट्रे वेगळे, कामगारांचे एप्रन धुतलेले. थोरल्याची छाती हळूहळू फुगत चालली.

एवढ्यात बाई प्लायवूडपाशी खाली वाकल्या. बॅटरीच्या उजेडात काळे बारीक दाणे दिसले.

"हे काय आहे?"

"तीळ सांडले असतील, मॅडम."

तेवढ्यात एक उंदीर तिथूनच निघाला, बाईंच्या बुटाला वळसा घालून प्लायवूडखालच्या भोकात शिरला.

"तो पलीकडचा आहे," थोरला घाईघाईने म्हणाला.

"पलीकडचा? ओळखता तुम्ही त्याला?"

बाई तशाच शेजारच्या दुकानात गेल्या. तिथेही पातेली लख्ख, भाज्या धुऊन झाकलेल्या, आणि भिंतीच्या पायथ्याशी तेच दाणे. "उंदीर कधी सूप पितात का?" धाकटा म्हणाला. "पीठ कोणाकडे आहे ते बघा, म्हणजे उंदीर कोणाचे ते कळेल."

बाईंनी दोघांनाही बाहेर रस्त्यावर बोलावलं. कित्येक वर्षांनी भाऊ समोरासमोर उभे राहिले, तेही एकाने दिव्याच्या खांबाकडे आणि दुसऱ्याने आभाळाकडे बघत.

"दोन्ही भिंतींच्या मधली जागा कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"म्हणजे ती उंदरांची. आणि उंदरांकडे परवाना नाही. ती पोकळी साफ होऊन बंद होईपर्यंत दोन्ही दुकानं बंद."

थोरल्याने केकचा एक डबा पुढे केला. बाई हसल्या, पण हात मागेच ठेवला. "डबा आत न्या. मला हा दिसलाच नाही असं समजते. आणि विष टाकू नका, पिठात जाईल. जागा मोकळी करा, उंदीर आपोआप जातात."

दारांवर नोटिसा लागल्या. थोरल्याने आपल्या बाजूचं भोक सिमेंटने लिंपलं. उंदरांनी शेजारी दुसरं पाडलं. पलीकडून ठोकाठोकी ऐकू येत होती, म्हणजे धाकट्याचंही तेच चाललं होतं. असे दिवस वाया जात असताना दोघांच्या बायकांची सहनशक्ती संपली. या दोघी जावा मागच्या दाराने रोज भेटत, हे नवऱ्यांना ठाऊक होतं. फक्त ठाऊक नसल्यासारखं वागायचं असं ठरलेलं होतं. थोरली पहार घेऊन बेकरीत आली आणि धाकटी पलीकडून हातोडी घेऊन; तिच्यामागून धाकटाही दारापर्यंत आला.

"भिंत पाडल्याशिवाय मध्ये हात जाणार नाही," थोरली म्हणाली. "तुम्ही बसा रुसून. आम्ही पाडतो."

"वहिनी, लागेल तुम्हाला! आणा ती पहार," असं म्हणत धाकटा पुढे झाला आणि त्याने वरच्या फळीत पहार खुपसली. थोरल्याला राहवेना.

"अरे, वरून काय उचकटतोस? डोक्यात पडेल! खालून लाव, खालून!"

सगळे जागच्या जागी थांबले. धाकट्याने कपाळावरचा घाम पुसला.

"मग धर की दादा ती बाजू. नुसता ओरडतोस काय?"

थोरल्याने फळी धरली. पुढे कोण कोणाला काय म्हणालं याला सुमार नव्हता. "हळू!", "तुझा पाय!", "सुतार कसला आणलेलास, खिळे बघ!", "तुझ्याने तर खिळेच वाचवलेत!" दोन्ही भिंतींची शेवटची फळी पडली, तीन-चार उंदीर मागच्या दाराने पळाले आणि धुळीत एक भलंमोठं घरटं उघडं पडलं. थोरल्याने ते काठीने उलगडलं. निम्मे तुकडे बिस्किटांच्या कागदाचे होते, निम्मे सूपवाल्याच्या पेपर नॅपकिनचे, छान एकमेकांत विणलेले.

"सामाईक आहेत रे," थोरला म्हणाला.

धाकटा आधी नाकातून हसला. मग दोघंही हसत सुटले ते पोट धरून खाली बसेपर्यंत. जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. थोरलीने पदराने डोळे टिपले, धूळ गेली म्हणाली.

मग झाडलोट, धुणं, भोकं बुजवणं. नवी भिंत घालायचा विषय कोणी काढलाच नाही. वाफेचं काय करायचं तेही बोलता बोलता सुटलं. चूल मागच्या खिडकीशी, वर वाफ बाहेर फेकणारा पंखा, आणि बिस्किटं रस्त्याच्या बाजूला.

"हे तेव्हा का नाही सुचलं?" थोरल्याने विचारलं.

"तेव्हा आपण बोलत कुठे होतो? भांडत होतो."

बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी कानाकोपरा तपासला. पंख्याखाली कागद धरून बघितला, भिंतीच्या कडांवरून बोट फिरवलं, मागच्या दाराखालची फट मोजली आणि तिथे रबरी पट्टी लावायला सांगितलं. ती लगेच लावून झाली. बाईंनी स्वतःच्या हाताने दोन्ही नोटिसा काढल्या. "एवढी मोठी जागा आहे हे बाहेरून कळतच नव्हतं," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या दुकानाकडे वळल्या. तिथला मालक आधीच झाडू शोधत होता.

दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर धाकट्याने एक वाडगा भरून भावापुढे ठेवला. आजवर रस्त्यावरच्या साऱ्यांनी ते सूप प्यायलं होतं, फक्त थोरल्याने नाही. त्याने उभ्या उभ्या एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे. गोड खाऊन खाऊन तुझी जीभ गेलीय."

थोरल्याने भट्टीतला ताजा पाव आणला, मोडून अर्धा भावाला दिला, अर्धा सूपमध्ये बुडवला आणि वाडगा पुसून खाल्ला. मग रिकामा वाडगा पुन्हा पुढे सरकवला.